गिरकी मोजायची की वाचायची?

(चौल येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला नाचातल्या गिरकीशी काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. मी नाचणारा नाही, आणि कोणाला नाच शिकवायला इथे उभाही नाही. एखादं कौशल्य माणसाच्या अंगात कसं मुरतं, आणि ते मुरतंय हे दुसऱ्याला कशावरून कळतं, हा ज्ञानमीमांसेतला जुना प्रश्न आहे. त्यासाठी पुस्तकांतून सायकलचं आणि पोहण्याचं उदाहरण नेहमी येतं. मला गिरकीचं उदाहरण जास्त सोयीचं वाटतं. ती दोन-तीन सेकंदांत संपते आणि तेवढ्यात शिकणारीचं सगळं उघडं पडतं.

आणि हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. कथक, भरतनाट्यमच्या परीक्षांना आता गावोगावच्या मुली बसतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची शिडी घराघरात माहीत झाली आहे. मुलगी प्रगती करते आहे की नाही, हे कोणीतरी ठरवतं, आणि त्या ठरवण्यावर ती पुढे नाचणार की नाही हे पुष्कळदा अवलंबून असतं. तेव्हा ठरवण्याची पद्धत तपासायला हवी. आज मी तेवढंच करणार आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. बॅलेमध्ये एका पायावर, टाच उचलून, चवड्यावर किंवा बोटांच्या टोकावर स्वतःभोवती फिरण्याला ‘पिरुएट’ म्हणतात. आपल्या कथकातला चक्कर तिचा जवळचा नातेवाईक, पण सख्खा भाऊ नव्हे. कथकात बहुधा डाव्या टाचेवर फिरतात, पायांत घुंगरांचं वजन असतं, आणि फिरून झाल्यावर समेवर येऊन थांबावं लागतं. नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पण’ या ग्रंथात भ्रमरीचे सात प्रकार दिले आहेत, त्यांतली एकपाद भ्रमरी म्हणजे एकेका पायावर फिरणं. रोहिणी भाटे यांनी हा ग्रंथ कथकाच्या अंगाने मराठीत आणला, ‘कथक दर्पण दीपिका’ या नावाने. ज्यांना गोडी आहे त्यांनी तो जरूर बघावा.

आणि फुगडी? ती तर आपल्या अंगणातली. पण फुगडीत आणि गिरकीत एक मोठा फरक आहे. फुगडी घालताना दोघी मागे रेलतात, एकमेकींचे हात ताणून धरतात, आणि फिरण्याचा आस दोघींच्या मधोमध, हवेत असतो. माझा तोल तुझ्या हातात, तुझा माझ्या. गिरकीत धरायला कोणी नाही. आस स्वतःच्या अंगातूनच काढावा लागतो. म्हणून फुगडी पोरी खेळता खेळता शिकतात, आणि गिरकीला वर्षं लागतात.

आता गिरकीत घडतं काय ते बघा. नाचणारी आधी गुडघे किंचित वाकवते आणि जमिनीला रेटा देते. फिरण्याची ताकद त्या रेट्यातून येते. एकदा टेकलेला पाय सुटला, की नवी ताकद मिळत नाही. मग ती हात जवळ घेते. हात पसरलेले असताना वेग कमी, जवळ घेतले की वेग जास्त. शाळेत शिकलेला कोनीय संवेगाचा नियम तो हाच. नजर समोरच्या एका बिंदूवर रोखलेली असते. अंग फिरू लागलं तरी डोकं शक्य तितका वेळ तिथेच राहतं, मग झटक्यात फिरून पुन्हा त्याच बिंदूवर येतं.

शेवटी थांबणं. आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. आपण थांबलो तरी तो द्रव थोडा वेळ फिरत राहतो, म्हणून भोवळ येते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी 2013 साली बॅले नर्तकींच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. फिरून थांबल्यावरची भोवळ नर्तकींना कमी जाणवते, आणि हे संदेश हाताळणारा त्यांच्या मेंदूचा भाग तुलनेसाठी घेतलेल्या वल्हवणाऱ्या खेळाडूंपेक्षा वेगळा दिसतो, असं त्यांना आढळलं. सराव फक्त पायांत मुरत नाही, हे यातून दिसतं. आणि जे मुरतं त्यातलं बरंचसं बाहेरून दिसत नाही. मूल्यमापनाची अडचण इथे सुरू होते.

बाहेरून सहज दिसतो तो आकडा. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने 1895 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘स्वान लेक’मध्ये सलग बत्तीस फुएते घेतले. फुएते म्हणजे मोकळ्या पायाचे फटकारे मारत एका पायावर घेतलेल्या गिरक्या. तेव्हापासून बत्तीस हा आकडा त्या भूमिकेला चिकटला. पुढच्या नर्तकींना तो गाठावा लागला, आणि प्रेक्षक बसल्या जागी मोजू लागले. आपल्याकडे वेगळं काय होतं? कथकाच्या मैफलीत चक्कर सुरू झाले की टाळ्या सुरू. अभिनयाच्या सूक्ष्म जागेला हात उचलला जात नाही, पण पंचविसाव्या चक्कराला सभागृह उठून उभं राहतं. टीव्हीवरच्या स्पर्धांनी तर आकड्याचीच चटक लावली.

आकड्याला माझा विरोध नाही. दमसास लागतो, बळ लागतं, ते खरंच आहे. पण आकड्यावरून शिकण्याची वाढ कळत नाही. वेगात घेतलेल्या चक्करांत चुका झाकल्या जातात. भोवरा जोरात फिरत असतो तोवर ताठ उभा असतो. त्याची आरी वाकडी आहे की सरळ, हे वेग उतरू लागल्यावर कळतं. तेव्हा वाढ बघायची तर एकच चक्कर विलंबित लयीत घ्यायला सांगा. बावीस चक्कर घेणारी मुलगी तिथे लटपटली, तर तिला वेग आलाय, आस अजून सापडायचाय.

यावर शिक्षणशास्त्रातले लोक म्हणतात, आकडा नको तर निकषांचा तक्ता करा. पाठ सरळ आहे का, दोन गुण. नजर स्थिर आहे का, दोन गुण. जागा सोडली का, शेवट नीट झाला का, आणखी दोन-दोन. हे आकड्यापेक्षा नक्कीच बरं. निदान कशाकशाकडे बघायचं ते ठरतं, आणि दोन परीक्षकांना एकमेकांशी बोलता येतं. पण तक्ता गिरकीचे तुकडे करतो, आणि गिरकी तुकड्यांनी बनलेली नसते. समजा, दोन मुली गिरकी संपताना उजवीकडे कलंडल्या. तक्त्यात दोघींना सारखाच भोपळा. पण एकीने सुरुवातीला रेटा जास्त दिला होता, आणि दुसरीने नजर लवकर सोडली. पहिलीचा दोष उतावळेपणाचा, दुसरीचा भीतीचा. उपाय वेगवेगळे, आणि दोघींची वाढही वेगवेगळ्या ठिकाणी पोचलेली.

गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1949 साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या पुस्तकात एक भेद मांडला. ‘अमुक असं आहे’ हे जाणणं वेगळं, आणि ‘अमुक कसं करायचं’ हे जाणणं वेगळं. दुसरं पहिल्यातून काढता येत नाही. गिरकीचे सगळे नियम पाठ असलेला माणूस पहिल्याच रेट्याला पडेल, आणि नियम सांगता न येणारी मुलगी सुरेख फिरेल. राइलचं आणखी एक म्हणणं आपल्याला इथे उपयोगी आहे. कौशल्य ही एका वेळची घटना नसते, ती प्रवृत्ती असते. एकदा जमलं म्हणजे येतं असं नाही, आणि एकदा चुकलं म्हणजे येत नाही असंही नाही. मग एका सकाळी, परक्या हॉलमध्ये, गुळगुळीत फरशीवर घेतलेल्या पाच मिनिटांच्या परीक्षेतून आपण काय जाणतो? त्या सकाळी काय झालं, एवढंच.

ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस या दोघा भावांनी 1980 साली कौशल्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या, नवशिक्यापासून निष्णातापर्यंत. नवशिका नियम धरून चालतो, निष्णात नियम ओलांडून थेट परिस्थिती ओळखतो. ही मांडणी लोकप्रिय झाली. परिचारिकांच्या शिक्षणातही वापरली गेली. माझा तिच्यावर आक्षेप एवढाच, की ती जिन्यासारखी आहे. एक पायरी चढलात की मागची सुटली. नाच तसा शिकला जात नाही. मुरलेली नर्तकीसुद्धा रोज सकाळी पहिल्या पायरीवर येऊन बसते, बॅलेत दांड्याला धरून, कथकात ठाय लयीतल्या तत्कारापासून. रियाज म्हणजे नवशिकेपणाकडे रोज परत जाण्याची शिस्त. ज्या सिद्धान्तात रियाजाला जागा नाही, तो आपल्या कलांना पुरा पडत नाही.

आणि वाढ नेहमी वर जाते हेही खरं नाही. या मुद्द्यावर मला थोडं थांबायचंय. बारा-तेराव्या वर्षी मुलीची उंची भराभर वाढते. हातपाय लांब होतात, वजनाचा मध्य बदलतो. काल ज्या अंगाने ती फिरत होती, ते अंग आज तिच्याकडे नाही. साहजिकच चक्कर बिघडतात. तक्ता म्हणेल, अधोगती. घरचे म्हणतील, लक्ष नाही हिचं, क्लासचे पैसे वाया चालले. आणि बहुतेक वेळा दहावीचं कारण पुढे करून नाच सुटतो. खरं म्हणजे त्या मुलीचं तंत्र हरवलेलं नसतं; ती नव्या अंगात नवा आस शोधत असते. हे काम आधीच्या सगळ्या कामापेक्षा अवघड आहे. जी मापनपद्धती नेमक्या या वेळी मुलीला नापास ठरवते, ती मोजायला गेली वाढ आणि मोजून आली वय.

मग करायचं काय? माझ्या मते गिरकी वाचायला शिकावं. ताईंनी वर्गात बघण्यासारख्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, सुरुवात. पुष्कळशा गिरक्या पाय सुटायच्या आधीच बिघडलेल्या असतात. गुडघा वाकतानाच खांदा वर गेला, तर पुढचं सगळं सांगता येतं. शिकणारी सुरुवातीला घाई करते. मुरू लागली की तिची तयारी शांत होत जाते.

दुसरी, सावरणं. चूक झाली का, हे सगळेच बघतात. चूक कधी कळली आणि तिने काय केलं, हे बघा. नवखीला पडल्यावर कळतं. मधल्या टप्प्यावरची पडता पडता सावरते. मुरलेली इतक्या आधी सावरते, की आपल्याला चूक झाल्याचंच कळत नाही. वाढीची याहून चांगली खूण मला माहीत नाही, आणि कुठल्याच आकड्यात ती पकडता येत नाही.

तिसरी, आवाज. ही कथकाची खास देणगी. क्षणभर डोळे मिटून घुंगरू ऐका. आस ढळला की पावलं असमान पडतात आणि घुंगरू विस्कळीत वाजतात. डोळ्यांना वेग भुलवतो. कान सहसा फसत नाही.

चौथी, तिचं स्वतःचं म्हणणं. गिरकी झाल्यावर विचारा, काय झालं? ‘नाही जमली’ हे उत्तर सुरुवातीचं. ‘डावा खांदा मागे राहिला’ हे उत्तर आलं, की समजा वाढ होते आहे, गिरकी फसली असली तरीही. राइलने दोन जाणण्यांत भेद केला हे खरं, पण शिकताना ती दोन्ही एकमेकांशी बोलत असतात.

यावर आक्षेप येणार, की हे सगळं व्यक्तिनिष्ठ झालं. ताईंचा एखादीवर लोभ असेल तर? हा आक्षेप मी हलका मानत नाही. गुरूच्या मर्जीवर शिष्याचं भवितव्य लोंबकळत ठेवणारी परंपरा आपण बघितलेली आहे, आणि परीक्षांनी त्या मर्जीला थोडा लगाम घातला हे मान्यच करायला हवं. लहान गावातल्या, घरात नाचाचा वारसा नसलेल्या मुलीला प्रमाणपत्रामुळे एक आधार मिळतो. म्हणून परीक्षा मोडा असं मी म्हणत नाही. परीक्षेने आज काय येतं एवढंच सांगावं. वाढ सांगण्याचं काम वर्गाचं आहे, आणि ते तोंडी न ठेवता लिहून ठेवावं. महिन्यातून एकदा, प्रत्येक मुलीबद्दल दोन ओळी, आणि दोन ओळी त्या मुलीने स्वतः लिहिलेल्या. वही दोघींना वाचायला खुली. लिहिलेल्या गोष्टीला प्रश्न विचारता येतो, मर्जीला विचारता येत नाही.

एक चिठ्ठी आली आहे: ‘मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला तर हे काम सोपं होणार नाही का?’ होईल, काही अंशी. हळू गतीत बघितलं तर नजर कधी सुटली ते स्पष्ट दिसतं. पण दोन पथ्यं पाळावीत. व्हिडिओ तिला दाखवण्याआधी तिला विचारा, तुला काय वाटलं. नाहीतर ती आपल्या अंगाचं ऐकणं सोडून पडद्याचं ऐकू लागेल. आणि तिचा व्हिडिओ शेजारच्या मुलीच्या व्हिडिओशेजारी लावू नका. लावायचाच तर तिच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओशेजारी लावा.

वेळ संपत आली आहे. इथे जे पालक बसले आहेत त्यांना एक विनंती करतो. पुढच्या वेळी मुलगी क्लासवरून आली की ‘आज किती चक्कर घेतलेस?’ असं विचारू नका. ‘आज कुठे अडलं?’ असं विचारा. तिने नीट सांगितलं, तर त्या दिवशीची फी वसूल झाली असं समजा.