मॅक्सिमा : उत्तर बरोबर, प्रश्न वेगळाच

बीजगणित करणाऱ्या संगणक-प्रणालींपैकी मॅक्सिमा शाळांना परवडणारी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून ती निघाली. ती मुक्त परवान्याने वाटण्याची परवानगी विल्यम शेल्टर यांनी १९९८ मध्ये मिळवली. तिला पैसे पडत नाहीत आणि एकदा बसवली की इंटरनेटही लागत नाही. म्हणून चारोटीसारख्या गावातील शिक्षकांना आम्ही तिची शिफारस करतो. पण तिचा एक दोष सांगूनच.

फळ्यावर आपण २क्ष लिहितो. मॅक्सिमाला २*क्ष लागते (प्रत्यक्षात अक्षरे रोमन). मधला तारा विसरला तर ती चूक दाखवून थांबते. हे ठीक आहे. पण क्ष आणि य यांचा गुणाकार 'क्षय' असा जोडून लिहिला, तर ती थांबत नाही. क्षय हे एकाच चलाचे नाव समजते. क्षसापेक्ष विकलन केले की उत्तर येते शून्य. हवे होते य. यंत्राने गणित चुकवले नाही, त्याने प्रश्नच वेगळा ऐकला. थांबवणारी चूक परवडते; मुकाट्याने पुढे जाणारी घातक.

गुणाकार स्पष्ट दाखवण्याची गरज नवी नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (बारावे शतक) दोन अव्यक्तांच्या गुणाकाराला 'भावित' म्हणत आणि तो 'भा' या अक्षराने दाखवत. तारा म्हणजे तोच 'भा', असे मुलांना सांगता येईल.

प्रणालीचा एक गुणही नोंदवू. क्षच्या न-व्या घाताचे संकलन मागितले, तर ती आधी विचारते : न हा −१ आहे का? विद्यार्थी हमखास विसरतात तीच ही अट.

डहाणू-तलासरीतील अनेक मुलांची घरची भाषा वारली, शाळेची मराठी आणि यंत्राच्या सूचना इंग्रजीत. अशा वेळी टंकनातील चूक 'मला गणित येत नाही' या समजुतीत सहज बदलते. म्हणून आमची सूचना अशी : राशी लिहिल्यावर आधी क्ष = २, य = ३ घालून पाहावे. सहा आले तर पुढे जावे. तसेच अक्षरच राहिले तर तारा शोधावा. गुण मात्र कापू नयेत.