वर्गातील अहिल्याबाई

नाट्य आणि बाहुल्या यांच्या साहाय्याने वर्गात शिकवावे, हे मत आता बहुमान्य झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही कलेच्या संगतीने चालणाऱ्या अध्यापनाचा पुरस्कार केला. साधन उत्तम, याविषयी आमचा वाद नाही. त्या साधनाच्या हाती आपण काय देतो, हा आमचा प्रश्न आहे.

इंदुरात मुलांचे ऐतिहासिक नाटक म्हटले की देवी अहिल्याबाई आल्याच. त्यांच्याविषयीची एक कथा नाट्यप्रवेशास हमखास सुचते. वासरू रथाखाली चिरडणाऱ्या पुत्रास माता तेच शासन फर्मावते आणि गाय रथास आडवी येते. राजवाड्याजवळच्या आडा बाजाराचे नावही लोक याच कथेशी जोडतात. प्रसंग हृद्य खरा, परंतु तो इतिहास नव्हे. मालेराव १७६७ मध्ये आजाराने वारले. बाईंवरील पुत्रवधाचा प्रवाद माल्कमने १८२३ च्या आपल्या ग्रंथात चौकशीअंती खोटा ठरविला आहे. पुस्तकातील ओळ मूल विसरते, स्वतः वठविलेली भूमिका विसरत नाही. म्हणून दंतकथा अवश्य करावी, पण दंतकथा म्हणूनच.

खरे नाट्य त्याच वर्षी घडले. पुत्रनिधनानंतर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा आग्रह धरला. राघोबादादा फौजेनिशी आले. बाई डगमगल्या नाहीत. हा प्रसंग तयार संवाद न देता मुलांवर सोपवावा. एकाने दादा व्हावे, एकीने बाई, एकाने दिवाण. दादांस काय लिहावे, हे मुलांनीच ठरवावे. भाषणे घोकवून घेतलेला प्रवेश स्नेहसंमेलनास शोभेल. त्यास अध्यापन म्हणता येणार नाही.

बाहुलीचेही तसेच. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्यांतून रामायण सांगत आले. त्या परंपरेच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांस २०२१ मध्ये पद्मश्री लाभली. तेथे बाहुली कथा जगते. आमच्या वर्गांत मात्र ती बहुधा गुरुजींचा उपदेश गुरुजींच्याच आवाजात सांगते. घरी मराठी आणि शाळेत हिंदी अशा इंदुरी मुलास चारचौघांत मराठी बोलण्याचा संकोच वाटतो; पडद्याआड, हाती बाहुली असता, तो सुटू शकतो. मग दोरी मुलाच्याच हाती का नसावी?

१७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभविणाऱ्या बाईंच्या थोरवीस कल्पित पुत्रदंडाचा टेकू नको. मुलांस खऱ्या अहिल्याबाई पुरेशा आहेत.