अग्नी आणि शस्त्र : ‘द रोड’मधील पितापुत्र

बायबलमध्ये पितापुत्रांनी मिळून केलेले प्रवास थोडे नाहीत. परंतु त्यांतील सर्वांत दुर्घट प्रवास कोणता, असे विचारले तर उत्पत्तीच्या पुस्तकातील बाविसाव्या अध्यायाकडेच बोट दाखवावे लागेल. अब्राहाम इसहाकाला घेऊन मोरियाच्या डोंगराकडे निघाला आहे. कोणी काय उचलले होते, हे पवित्र लेखक काळजीपूर्वक नोंदवतो. होमाची लाकडे मुलाच्या पाठीवर आहेत. अग्नी आणि सुरी पित्याच्या हाती आहे. दोघे एकमेकांच्या सोबतीने चालत असल्याचा निर्देश तो एकदा नव्हे, दोनदा करतो. ज्या हाताने मुलाला ऊब द्यायची त्याच हातात मुलाचा जीव घेणारे शस्त्र असावे, हे त्या अध्यायातील दारुण सत्य आहे. अमेरिकन कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी यांची ‘द रोड’ ही कादंबरी वाचत असताना मला या अध्यायाची पानोपानी आठवण होत राहिली. प्रस्तुत लेखात त्या आठवणीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

मॅकार्थी यांचा जन्म १९३३ सालचा आणि मृत्यू २०२३ मधील. नॉक्सव्हिल या गावी एका कॅथलिक कुटुंबात ते वाढले. ‘द रोड’ २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, २००७ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि २००९ मध्ये जॉन हिलकोट यांनी तिच्यावर चित्रपट काढला. वयाची सत्तरी ओलांडलेल्या लेखकाने ही कृती आपल्या धाकट्या मुलाला अर्पण केली आहे. कथानक म्हणावे तर अगदी थोडे. कोणत्या तरी महासंकटाने जग जळून राख झाले आहे; कारण लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. सूर्य दिसत नाही, पीक उगवत नाही, प्राणी उरलेले नाहीत आणि जगलेल्या माणसांपैकी अनेक जण माणसांनाच मारून खात आहेत. या राखेतून एक बाप आणि त्याचा लहान मुलगा दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेने चालत आहेत. दोघांनाही नावे नाहीत. आहे तेथेच राहिल्यास आणखी एक हिवाळा निभणार नाही, एवढे पित्याला कळून चुकले आहे.

समुद्राकडे जायचे तर आधी डोंगर ओलांडणे भाग आहे. खिंड सुमारे ५,००० फुटांवर, आणि ऋतू हिवाळ्याचा. दुकानातील सामानाची ढकलगाडी, एक ताडपत्री, थोडे डबाबंद अन्न आणि सुट्या तुकड्यांत फाटलेला रस्त्यांचा नकाशा, एवढाच त्यांचा संसार. करड्या रंगाचे बर्फ पडू लागते. गाडी पुढे सरकत नाही, पायांना चिंध्या गुंडाळाव्या लागतात, पित्याचा खोकला वाढत जातो. साहसकथांतून पर्वतारोहण म्हणजे शिखर जिंकण्याचा उत्सव असतो. येथे शिखर नाही आणि जिंकणेही नाही. आजची रात्र मुलाच्या अंगातील ऊब टिकली पाहिजे, हेच या चढणीचे उद्दिष्ट. मॅकार्थी यांची तुटक, विरामचिन्हांना फारसे न जुमानणारी वाक्ये या भागात थकलेल्या माणसाच्या पावलांसारखी पडतात.

खिंडीपलीकडे उतरताना त्यांना एक धबधबा लागतो. गोठवणाऱ्या पाण्यात बाप मुलाला हातांवर तोलून तरंगायला शिकवतो. जवळच त्यांना अळंबी सापडतात आणि ती शिजवून दोघे जेवतात. संपूर्ण कादंबरीत निर्भेळ आनंदाचे असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच. ज्या मुलाला उद्याचा दिवस दिसेल की नाही याची शाश्वती नाही, त्याला बाप पोहायला शिकवतो. वडिलकीचा याहून सुंदर अर्थ मला अलीकडच्या इंग्रजी कादंबरीत सापडलेला नाही.

परंतु या बापाच्या कमरेला पिस्तूल आहे. आरंभी त्यात दोन गोळ्या असतात. मुलावर झडप घालणाऱ्या एका माणसावर त्यांतील एक खर्ची पडते. उरते ती एकच. ती कोणासाठी, हे पित्याने मनाशी ठरवले आहे. नरभक्षकांच्या हाती मुलगा लागण्याची वेळ आलीच तर स्वतःच त्याचा अंत करायचा. तसे करणे आपल्या हातून होईल का, हा प्रश्न त्याला छळत राहतो. त्याच वेळी तो मुलाला सांगत असतो की आपण अग्नी वाहून नेणारी माणसे आहोत. अग्नी आणि शस्त्र, दोन्ही एकाच पित्यापाशी! मोरियाच्या वाटेवरील चित्र ते हेच. भेद इतकाच, की अब्राहामाला आज्ञा करणारा वाणीने बोलत होता. येथे आकाश मुके आहे, आणि झुडुपात अडकलेला एडकाही कोठे दिसत नाही.

मग अग्नी म्हणजे नेमके काय? अनेक समीक्षक संस्कृती, आशा, माणुसकी अशी उत्तरे देतात. ती चुकीची नाहीत, पण ढोबळ आहेत. कादंबरीतील प्रसंगांची साक्ष काढली तर असे दिसते की अग्नीचा उच्चार पिता करतो आणि त्याचे जतन मुलगा करतो. कोकोची शेवटची अर्धी पुडी मुलाला देऊन बाप स्वतः नुसते गरम पाणी घेऊन बसतो, तेव्हा मुलगा त्याला पकडतो. लहान वचने मोडणारा मोठीही मोडतो, अशी समज देतो आणि वाटणी करायला लावतो. विजेने होरपळलेल्या वाटसरूला मागे टाकून बाप पुढे निघतो, तेव्हा मुलगा रडतो. रस्त्यात भेटलेल्या वृद्धाला जेवू घालायला तोच भाग पाडतो. त्यांचे सामान चोरणाऱ्याला बाप कडाक्याच्या थंडीत विवस्त्र करून सोडतो, तेव्हा मुलाच्या आग्रहाखातर दोघे परत फिरतात. चोर सापडत नाही, पण त्याचे कपडे ते रस्त्यावर ठेवून येतात. पित्याचे प्रेम अथांग आहे, परंतु ते एकाच जिवापाशी येऊन थांबते. शेजारी कोण, या शास्त्र्याच्या प्रश्नाला भल्या समारितनाच्या दाखल्यातून प्रभूने दिलेले उत्तर या मुलाला कोणी शिकवल्याचे दिसत नाही. तरी ते तो जगतो.

म्हणून काही अभ्यासकांनी या मुलाला ख्रिस्ताचे प्रतीक ठरवले आहे. त्यांना आधार नाही असे नाही. पहिल्या बर्फाचा कण तळहातावर विरताना लेखकाला ख्रिस्तप्रसादाची भाकर आठवते. बालपणी वेदीपाशी पाहिलेले असे सहजी पुसले जात नाही. तरीही या कादंबरीला घाईघाईने बाप्तिस्मा देऊ नये, असे मला वाटते. मुलाला तारणारा ठरवले की आपली सुटका होते. मग तो आपल्या घरातला मुलगा राहत नाही. त्याची करुणा आपल्याला लाजवते ती तो साधा, भुकेला, भ्यालेला मुलगा आहे म्हणूनच.

कादंबरीत उणिवाही आहेत. आईची व्यक्तिरेखा थोडक्यात आटोपली आहे. तिच्या निराशेला लेखक शब्द देतो, अंतरंग देत नाही. राखेची आणि अंधाराची वर्णने काही ठिकाणी स्वतःच्याच नादावर लुब्ध होतात. शेवटी मुलाला आधार देणारे कुटुंब अगदी वेळेवर अवतरते, ही अनेकांना कृत्रिम तडजोड वाटते. माझे मत किंचित वेगळे आहे. त्या कुटुंबाच्या बोलण्यावरून ही माणसे बापलेकांच्या मागावर होती, असे सूचित होते. म्हणजे चांगली माणसे जवळपास होती. पित्याच्या संशयाने त्यांना दूर ठेवले. मागच्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी गाडीला आरसा बसवणाऱ्या त्या माणसाला मागून येणारा प्रत्येक जण शत्रूच वाटला. ही त्याच्या प्रेमाची शोकांतिका आहे.

मरणसमयी पित्याला उरलेली गोळी वापरता येत नाही. मुलाला आपल्यासोबत न्यायचे, हा निश्चय गळून पडतो आणि तो त्याला पुढे जायला सांगतो. अब्राहामाचा हात देवदूताने थांबवला. या पित्याचा हात त्याच्या स्वतःच्या हृदयाने थांबवला. मुलगा मृत पित्यापाशी तीन दिवस थांबतो. पुढे त्या कुटुंबातील स्त्री त्याच्याशी देवाविषयी बोलते. मुलगा देवाशी बोलून पाहतो, पण त्याला सोपे जाते ते पित्याशी बोलणे. आणि ती भली बाई त्याला दोष देत नाही. धर्मगुरू म्हणून या ठिकाणी मी बराच वेळ थबकलो. आईवडील हे मुलांसाठी श्रद्धेचे पहिले प्रचारक, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात म्हटले आहे. प्रवचनात हे मी कितीदा तरी सांगितले असेन. देवाचा चेहरा मुलाला प्रथम बापाच्या चेहऱ्यातून दिसतो, हे मात्र या अश्रद्ध वाटणाऱ्या कादंबरीने मला नव्याने शिकवले.

काळ वाईट आहे, फादर, आधी आपल्या मुलांचे पाहायला हवे, असे पालक वारंवार बोलून दाखवतात. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. मॅकार्थींचा पिताही तेच म्हणतो आणि त्याच्या काळाइतका वाईट काळ कोणावर न येवो. परंतु केवळ आपल्याच मुलाला वाचवण्यात गुंतलेल्या पित्याच्या हातातील अग्नी केव्हा शस्त्र होतो, ते त्याचे त्यालाही कळत नाही. कादंबरीच्या अखेरच्या परिच्छेदात लेखक पुन्हा डोंगरांकडे वळतो. तेथील ओढ्यांत एकेकाळी पोहणाऱ्या माशांचे स्मरण करतो आणि जे एकदा गेले ते पुन्हा घडवता येत नाही, याची जाणीव देऊन थांबतो. त्या डोंगरांतून एक मुलगा जिवंत पार झाला, तो बापाच्या अंगच्या उबेमुळे. आणि तो माणूस म्हणून उरला, कारण वाटेवर अधूनमधून का होईना, बापाने त्याचे ऐकले.