आभाळातली रेघ म्हणजे 'आकाशलेखन' नव्हे



माझा पीएचडीचा विषय हवेतले सूक्ष्म कण. त्यामुळं नांदेड-लातूरकडं आभाळात काही पांढरं दिसलं की ओळखीचे लोक मला फोटो पाठवतात. त्या फोटोंखाली हल्ली 'आकाशलेखन' हा शब्द सारखा दिसायला लागलाय. जेट विमानामागची रेघ असो, ड्रोनच्या दिव्यांनी काढलेलं नाव असो की कसरतीच्या विमानांचा रंगीत धूर असो, सगळ्याला एकच शब्द. शब्द कानाला गोड आहे, पण इतक्या गोष्टींना तो चिकटवला तर आपल्या भागात त्यानं नुकसान होतं. कसं, ते सांगते.

आधी मूळ गोष्ट पाहू. इंग्रजीतल्या 'स्कायरायटिंग'चा अर्थ नेमका आहे. वैमानिक विमान वळवत, धूर चालू-बंद करत आकाशात अक्षरं काढतो. मे १९२२ मध्ये इंग्लंडात एप्सम डर्बीच्या शर्यतीवर कॅप्टन सिरिल टर्नर यांनी 'डेली मेल' हे नाव असं लिहिलं आणि या जाहिरातीचा धंदा सुरू झाला. त्यासाठी पॅराफिनसारखं हलकं तेल इंजिनाच्या तापलेल्या धुराड्यात सोडतात. तेलाची वाफ होते, बाहेरच्या हवेत ती थंड होते आणि तिचे बारीक थेंब दाट पांढरे दिसतात. विमान साधारण तीन किलोमीटर उंचीवर असतं, एकेक अक्षर दीड किलोमीटरच्या आसपास. वारा नसला तर मजकूर काही मिनिटं टिकतो. गंमत म्हणजे खालून सरळ वाचता यावं म्हणून वैमानिकाला सगळं उलटं काढावं लागतं, कारण तो अक्षरांकडं वरच्या बाजूनं बघत असतो.

म्हणजे लेखन म्हणायला तीन गोष्टी हव्यात: लिहिणारा, मजकूर आणि कुणीतरी वाचावं हा हेतू. ही कसोटी बाकीच्यांना लावून बघा. २९ जानेवारी २०२२ ला दिल्लीत बीटिंग रिट्रीटला एक हजार ड्रोन उडाले. ड्रोननी अक्षरं काढली तर ते लेखन खरं, पण दिव्यांचं. तिथं धूर नाही. हवाई दलाचं 'सूर्यकिरण' पथक धुरानं हृदयाचा आकार काढतं. तिथं धूर आहे, हेतूही आहे, पण ते चित्र झालं. आणि जेटमागची रेघ? तिथं तिन्हीपैकी काहीच नाही.

ती रेघ तयार होते ती अशी. विमानाचं इंधन जळताना पाण्याची वाफ बाहेर पडते. एक किलो इंधनामागं सव्वा किलोच्या आसपास. आठ ते बारा किलोमीटर उंचीवर हवा उणे चाळीस अंशांच्या जवळपास असते. तिथं ही वाफ काजळीच्या कणांभोवती गोठते आणि बर्फाच्या स्फटिकांची रेघ दिसते. वरची हवा कोरडी असेल तर रेघ लगेच विरते, दमट असेल तर तासभरही राहते आणि पसरते. वैमानिकानं ती काढलेली नसते. थंडीत आपल्या तोंडातून वाफ दिसते म्हणून आपण काही 'लिहिलं' असं होत नाही, तसंच हे.

"मग लोकांनी म्हटलं आकाशलेखन, बिघडलं काय?" असं कुणी म्हणेल. मराठवाड्यात बिघडतं.

आपल्याकडं 'आकाश' हा बोलण्यातला शब्दच नाही, आपण 'आभाळ' म्हणतो. हा शब्द 'अभ्र'वरून आला आणि अभ्र म्हणजे ढग. म्हणून तर "आभाळ आलंय" म्हटलं की ढग आलेत असं कळतं. आपण वर बघतो ते पावसासाठी. आणि 'लिहिलेलं' हा शब्दही आपल्याकडं साधा नाही. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर लिहिते ते टळत नाही, असं मानणारी घरं आजही आहेत. अशा भाषेत आभाळातल्या रेघेला 'लेखन' म्हटलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कुणी लिहिलं? कशासाठी? मग "इमानानं धूर सोडला अन् पाऊस पळवला" हे वाक्य पारावर यायला वेळ लागत नाही.

ही शंका अगदी हवेतूनही आलेली नाही. २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून कृत्रिम पावसासाठी विमानं खरंच उडाली. पुण्याच्या आयआयटीएमनं २०१८-१९ मध्ये सोलापूर भागात ढगांत मीठबीजं पेरून प्रयोग केले. मधे २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. ज्यानं हे सगळं बघितलं, त्यानं विमानाकडं संशयानं बघितलं तर त्याला अडाणी म्हणायचा हक्क मला नाही. पण म्हणूनच शब्द वेगळे हवेत. पेरणारं विमान ढगाच्या पायथ्याशी किंवा ढगात जातं आणि पंखाला लावलेल्या नळकांड्या पेटवतं; निरभ्र आभाळात लांबलचक सरळ रेघ ओढत नाही. जी रेघ दिसते ती बहुतेक वेळा आपल्या डोक्यावरून कुठंतरी दूर निघालेल्या प्रवासी विमानाची असते. दोन्हींना एकच शब्द दिला की शेतकऱ्यानं सरकारला विचारायचा खरा प्रश्न, म्हणजे पेरणी कधी केली, कोणत्या ढगांत केली, तिचा हिशेब काय, तो त्या रेघेमागं हरवतो.

माझी मुख्य हरकत शब्द बनवायच्या आपल्या सवयीवर आहे. इंग्रजीचे दोन तुकडे करायचे, प्रत्येकाला संस्कृत तुकडा जोडायचा, झाला शब्द. 'आकाशवाणी' हा शब्द रेडिओला शोभला, कारण बोलणारा दिसत नाही आणि आवाज येतो, हा त्याचा जुना अर्थ रेडिओलाही लागू पडला. 'आकाशलेखन' फक्त जागा सांगतं. कशानं लिहिलं हे सांगत नाही, म्हणून त्यात काहीही मावतं.

त्यापेक्षा 'धूरलेखन' म्हणा. साधन कळतं, माणूस कळतो, ड्रोनही आपोआप बाहेर पडतात. 'धूम्रलेखन' चालेल, पण 'धूर' असताना 'धूम्र' कशाला? ड्रोनला 'दिव्यांची अक्षरं' पुरे. आणि जेटमागच्या रेघेला नवा शब्द नकोच. लहान पोरं 'राकेट गेलं' म्हणतात, मोठी माणसं 'इमानाची रेघ' म्हणतात. यातला 'रेघ' हा शब्द शास्त्राच्या कसोटीवर अगदी चोख आहे. तो दिसतं तेवढंच सांगतो, कुणाचा हेतू चिकटवत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी फोटो पाठवताना खाली 'रेघ' लिहा. सोबत ती किती वेळ टिकली तेही लिहा. तासभर टिकली असेल तर वरची हवा दमट होती एवढं त्यावरून मला कळेल. पाऊस येणार की नाही, हे मात्र त्या रेघेत नसतं.