टॅब्लेट घ्यावा की घेऊ नये?

शिक्षकांच्या शिबिरांत विज्ञानावर बोलायला जाण्याचा योग आम्हाला वर्षातून दोन-चार वेळा येतो. व्याख्यानाचा विषय कृष्णविवरांचा असो की जीवाणूंचा, चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, टॅब्लेट घ्यावा का हो?" मागच्या खेपेस हा प्रश्न विचारणाऱ्या बाई एका लहान गावातील प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांच्या प्रश्नाला दोन पदर होते. एक, स्वतःच्या रोजच्या वापरासाठी पगारातून वीसेक हजार रुपये खर्च करावेत का? आणि दुसरा, गावाने लोकवर्गणीतून शाळेसाठी साठ हजार रुपये जमवले आहेत, त्याचे टॅब्लेट घ्यावेत का? पहिल्या प्रश्नात चूक झाली तर नुकसान एकट्याचे. दुसऱ्यात झाली तर गाव पुढच्या वर्षी वर्गणी देणार नाही. तेव्हा उत्तर जरा सविस्तर द्यायला हवे.

मूळ कल्पना काय होती?

हातात धरता येईल अशा पाटीवजा संगणकाची कल्पना २०१० सालच्या आयपॅडबरोबर जन्मली असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. १९७२ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ॲलन के यांनी 'डायनाबुक' या यंत्राची कल्पना मांडली होती. संगणक तेव्हा बहुधा मोठे आणि अवजड असत. के यांचे यंत्र मात्र वहीएवढे होते आणि मुख्यतः मुलांसाठी होते. मुलांनी त्यावर वाचावे, लिहावे, चित्रे काढावीत, एवढेच नव्हे तर स्वतः आज्ञावली रचाव्यात, अशी त्यांची अपेक्षा होती. म्हणून त्यांच्या रेखाचित्रात पडद्याखाली कळफलकही होता.

पुढे १९८९ मध्ये ग्रिडपॅड आणि २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर चालणारे लेखणीचे टॅब्लेट बाजारात आले. सर्वसामान्यांनी ते स्वीकारले नाहीत. एप्रिल २०१० मध्ये आयपॅड विक्रीस आला आणि चित्र पालटले. परंतु जे आले ते के यांचे यंत्र नव्हते. पाहायला, ऐकायला आणि चाळायला ते उत्तम होते. घडवायला त्या मानाने कमी. ही त्रुटी पुढच्या वर्षांत काही अंशी भरून निघाली, तरी यंत्राचा कल अजून तोच आहे. विकत घेताना हे ध्यानात ठेवावे.

स्वस्ताईचा धडा

आपल्याकडे ऑक्टोबर २०११ मध्ये 'आकाश' टॅब्लेटचे मोठा गाजावाजा करून अनावरण झाले. विद्यार्थ्यांच्या हाती जगातील सर्वांत स्वस्त टॅब्लेट द्यावा हा हेतू चांगला होता. पण पहिल्या आकाशात ३६६ मेगाहर्ट्झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट स्मृती आणि रोध पद्धतीचा पडदा होता. शेवटचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे.

रोध पद्धतीच्या पडद्यात विद्युतवाहक लेप दिलेले दोन थर एकमेकांपासून किंचित अंतरावर असतात. बोटाने दाबले की ते चिकटतात आणि त्या जागेचा विद्युतदाब मोजून बोट कोठे आहे ते कळते. म्हणजे येथे दाबावे लागते. धारिता पद्धतीच्या पडद्यात काचेखाली पारदर्शक वाहकांची जाळी असते. आपले शरीर विजेचे वाहक असल्याने बोट जवळ येताच त्या ठिकाणची धारिता बदलते व तो बदल मोजला जातो. येथे दाबण्याची गरजच नाही, आणि अनेक बोटे एकाच वेळी ओळखता येतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते प्रकाशित झालेल्या दुसऱ्या आकाशात ही सुधारणा केलेली होती. तोवर पहिल्याने लोकांचा विश्वास बराच गमावला होता. वस्तू स्वस्त असून भागत नाही; ती हाती घ्यावीशी वाटली पाहिजे.

हा फरक वर्गात करून दाखवता येतो. आजकालच्या कोणत्याही फोनच्या पडद्याला बोट लावा, मग नख लावा, मग पेन्सिलीमागचे खोडरबर लावा. नंतर स्टीलचा चमचा उघड्या हातात धरून त्याची पाठ टेकवा. तोच चमचा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीतून धरून पुन्हा टेकवा. शेवटी काकडीचा तुकडा घ्या. कशाने पडदा जागा होतो व कशाने होत नाही, याची यादी मुलांनी करावी आणि कारण त्यांनीच सांगावे. या प्रयोगाला टॅब्लेट लागत नाही, हेही लक्षात घ्या.

वाचनाचे गणित

आम्ही स्वतः पहिला टॅब्लेट घेतला तो शोधनिबंध वाचण्यासाठी. आम्हाला चाळिशी लागली होती आणि फोनवर अक्षरे दिसेनाशी झाली होती. टॅब्लेटच्या बाजूने सर्वांत सबळ मुद्दा कोणता, तर हाच. आणि तो पायथागोरसच्या प्रमेयाने तपासता येतो.

ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर व उंची २९७ मिलिमीटर. असे पान पडद्यावर पूर्ण बसवायचे तर ते लहान करावे लागते. ६.५ इंची लांबोळ्या फोनची रुंदी सुमारे ६८ मिलिमीटर भरते. म्हणजे पान मूळच्या एक-तृतीयांशाहून थोडे कमी होते आणि ११ पॉइंटचे अक्षर साडेतीन पॉइंटचे होते. औषधाच्या बाटलीवरच्या सूचनाही याहून मोठ्या असतात! पडदा ८ इंची, १६:१० आकाराचा असेल तर अक्षर साडेपाच पॉइंटच्या आसपास येते. १०.१ इंची, त्याच आकाराच्या पडद्यावर ते सात पॉइंटचे होते. पण ११ इंची आणि ४:३ आकाराच्या पडद्यावर पान पाऊणपट दिसते व अक्षर सव्वाआठ पॉइंटचे राहते. हे चष्मा लावून सुखाने वाचता येते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पाठ्यपुस्तके व लेख वाचण्यासाठीच घ्यायचा असेल तर लहान टॅब्लेट घेण्यात अर्थ नाही. फोन आणि तो यांत फार अंतर पडत नाही. दुसरे म्हणजे, जाहिरातीत फक्त कर्णाची लांबी सांगतात. तिच्याइतकेच रुंदी-उंचीच्या गुणोत्तराकडेही पाहावे. १६:१० चा पडदा चित्रपटाच्या सोयीचा, ४:३ चा पुस्तकाच्या. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. ज्यांना ती, शिक्षक हस्तपुस्तिका आणि संदर्भग्रंथ असे सगळे जवळ बाळगायचे आहे त्यांना असा टॅब्लेट खरोखर उपयोगी पडेल.

मात्र वाचता येणे आणि समजणे यांत फरक आहे. २०१८ साली देल्गादो व सहकाऱ्यांनी कागदावरील आणि पडद्यावरील वाचनाची तुलना करणारे ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत एकूण १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर वाचताना, आणि विशेषतः वेळेचे बंधन असताना, कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन सरस ठरले. कथा वाचताना तसा फरक आढळला नाही. हा फरक फार मोठा नाही, पण तो आहे. आम्हाला यात सवयीचा भाग मोठा वाटतो. पडद्यावर आपण चाळतो, कागदावर वाचतो. म्हणून परीक्षेसाठी जे मुळातून शिकायचे ते कागदावर, आणि जे शोधायचे, पडताळायचे ते पडद्यावर, अशी वाटणी आम्ही स्वतःपुरती करून घेतली आहे.

लिहिण्याचे काय?

येथे टॅब्लेट उणा पडतो. काचेवर टंकलेखन करताना बोटांना कळा जाणवत नाहीत, त्यामुळे डोळे सतत खाली ठेवावे लागतात. चार ओळींचा निरोप ठीक आहे. चार पानी प्रश्नपत्रिका हा त्रास आहे. गुणपत्रकाचे तक्ते, यू-डायससारखी माहिती भरणे, दोन कागद शेजारी उघडून ताडून पाहणे, ही शिक्षकाची रोजची कामे संगणकावरच सुकर होतात. वेगळा कळफलक आणि लेखणी घेतली की अडचण बरीच दूर होते हे खरे. पण मग एकूण किंमत साध्या लॅपटॉपच्या घरात जाते. लेखणीने गणिते सोडवून ती वर्गात पडद्यावर दाखवणे हे काम मात्र टॅब्लेट लॅपटॉपपेक्षा चांगले करतो. २०२० च्या टाळेबंदीत गणिताच्या अनेक शिक्षकांनी याचा अनुभव घेतला असेल.

खर्च विजेचा नव्हे, वयाचा

दहा-अकरा इंची टॅब्लेटच्या बॅटरीत साधारण २८ ते ३० वॉट-तास ऊर्जा मावते. भारण करतानाचा ऱ्हास धरून ४० वॉट-तास समजा. रोज पूर्ण भारण केले तरी वर्षाला पंधराएक युनिटे होतात. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाचा खर्च १२० रुपये. आता वीस हजारांचे यंत्र चार वर्षे चालले तर वर्षाला पाच हजार, म्हणजे दिवसाला जवळपास चौदा रुपये पडतात. आठवड्यातून एकदाच हाती घेतले तर प्रत्येक वेळेला शहाण्णव रुपये! वीज नगण्य आहे. खरा खर्च यंत्र किती वर्षे आणि किती वेळा वापरले जाते यावर ठरतो. पर्यावरणाचा हिशोबही असाच आहे. टॅब्लेटच्या आयुष्यातील कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो.

आणि आयुष्य तर बांधलेले आहे. लिथियम-आयन बॅटरीची धारणशक्ती ५०० ते १००० पूर्ण आवर्तनांनंतर सुमारे ८० टक्क्यांवर येते. फोनची बॅटरी दुकानात बदलून मिळते. अनेक टॅब्लेटांत ती गोंदाने चिकटवलेली असते. आमच्या पहिल्या टॅब्लेटचा पडदा, बॅटरी सारे ठणठणीत होते, पण चौथ्या वर्षी उत्पादकाने प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या देणे थांबवले. पुढे बँकेचे ॲप त्यावर चालेना, मग इतरही चालेनात. धडधाकट यंत्र घरात निवृत्त होऊन बसले. म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न 'कॅमेरा किती मेगापिक्सेलचा' हा नसून 'सुधारित आवृत्त्या किती वर्षे मिळणार' हा असावा.

शाळेचे साठ हजार

एका शाळेत आम्हाला कपाटात ठेवलेले वीस टॅब्लेट दाखवण्यात आले. देणगीतून आलेले. सहा महिने वापरले, मग आवृत्त्या, परवलीचे शब्द आणि भारणाची जागा यांचा मेळ बसेना म्हणून कुलूपबंद झाले. कित्येकांच्या पाठी फुगल्या होत्या. लिथियम बॅटरी दीर्घकाळ उष्णतेत पडून राहिली की आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार होतो. ही ती फूग. अशी बॅटरी भारणाला लावू नये, टोचू नये, कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी. सुट्टीपूर्वी यंत्रे ठेवायची असतील तर निम्मी भारित करून थंड जागी ठेवावीत, एवढे कोणी सांगितले असते तरी निम्मी वाचली असती.

यंत्रे वाटली की शिक्षण सुधारते का, याची मोठी पाहणी पेरू देशात झाली. तेथील ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेखाली मुलांना लॅपटॉप दिलेल्या आणि न दिलेल्या शाळांची त्यात तुलना होती. गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. सामान्य बौद्धिक कौशल्यांत थोडी प्रगती दिसली, हेही सांगितले पाहिजे. ते लॅपटॉप होते, टॅब्लेट नव्हेत. तरी यंत्र आणि शिकवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हा बोध तोच.

उलट बाजूही पाहू. यंत्रातील संवेदक ही प्रयोगशाळाच आहे. जर्मनीतील आखेन विद्यापीठाने २०१६ मध्ये उपलब्ध केलेले 'फायफॉक्स' हे मोफत ॲप वापरून लंबकाचा आवर्तनकाल, उद्वाहकाचे त्वरण, ध्वनीची वारंवारिता मोजता येते. मुलांना यात खराखुरा आनंद मिळतो. पण स्वस्त टॅब्लेटांत यांपैकी काही संवेदक नसतात आणि शिक्षकाच्या खिशातल्या फोनमध्ये बहुधा असतात!

आमचा कौल

ज्यांच्याजवळ बरा फोन आहे आणि शाळेत किंवा घरी संगणक आहे, त्यांना रोजच्या वापरासाठी टॅब्लेटची गरज नाही. ज्यांच्याजवळ संगणक नाही त्यांनी आधी संगणक घ्यावा. जे रोज तासभर तरी पानेच्या पाने वाचतात, ज्यांना फोनवरची अक्षरे दिसत नाहीत, किंवा जे हाताने लिहून शिकवतात, त्यांनी ११ इंचांच्या आसपासचा, पुस्तकी आकाराचा टॅब्लेट अवश्य घ्यावा आणि तो चार-पाच वर्षे झिजवावा. शंका असेल तर एक साधा प्रयोग करा. सात दिवस वही जवळ ठेवा आणि 'आत्ता टॅब्लेट असता तर' असे वाटले की काम व वेळ टिपा. सात दिवसांत सात नोंदी झाल्या नाहीत तर पैसे बँकेतच राहू द्या.

त्या बाईंना आम्ही सांगितले : साठ हजारांत तीन-चार टॅब्लेट येतील आणि चार वर्षांनी काहीच उरणार नाही. भिंगे, चुंबक, बहुमापी, एक चांगला सूक्ष्मदर्शक, नकाशे आणि दोनशे गोष्टींची पुस्तके घेतली तर दहा वर्षांनीही ती कपाटात, म्हणजे खरे तर मुलांच्या हातात, असतील. बाई हसून म्हणाल्या, "पण सर, उद्घाटनाला पाहुण्यांना काय दाखवू?"

हा प्रश्न मात्र कोणत्याही संवेदकाने सुटणारा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तळ्यातल्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि पाहुण्यांना वाकून पाहू द्या, एवढेच आम्ही सुचवले.