'कीचकवध' आणि सरकारी वाचन

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकाचे नाव निघाले की एक समीकरण पुढे येते. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. उत्तरपत्रिकेत एवढे लिहिले की गुण हमखास! समीकरण खोटे नाही. पण नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले तेव्हा कर्झनसाहेबांना व्हाइसरॉयपद सोडून वर्ष उलटले होते, आणि बंदी आली ती तर १९१० साली. परत गेलेल्या साहेबाच्या अब्रूसाठी कोणी एवढी उठाठेव करीत नाही.

मधल्या काळात टिळक मंडालेला गेले होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला. त्या रात्री रंगमंचावर नाटक कोणते होते? देवलांचे 'शारदा'! जरठ-कुमारी विवाहावरचे. बंदीची कुऱ्हाड मात्र लवकरच 'कीचकवधा'वर कोसळली.

हत्यार १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याचे होते. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होईल असे वाटले की प्रयोग बंद, आणि हुकूम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. गंमत अशी की जत्रा व धार्मिक उत्सवांतील तत्सम खेळ या कायद्यातून वगळलेले होते. म्हणजे विराटपर्वाची कथा देवळापुढे चालली तर निरुपद्रवी आणि तिकीट लावून चालली तर राजद्रोही! संहितेत कर्झनचे नाव कोठेही नाही. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या 'इंडियन अनरेस्ट' (१९१०) या पुस्तकात या प्रयोगाची हकीकत आली आहे, आणि तीत पुरुषांच्या चढलेल्या भुवया व स्त्रियांच्या डोळ्यांतील पाणी यांचीही दखल आहे. गुन्हा लेखकाचा, पुरावा प्रेक्षकांच्या चेहऱ्यावर!

माझा आक्षेप वेगळाच आहे. सरकारने भीम तेवढा वाचला. कथेचा कणा त्याच्या आधीच आहे. महाभारतातील सैरंध्री प्रथम विराटाच्या सभेत दाद मागायला धावते, आणि लाथ बसते ती तेथेच, राजाच्या डोळ्यांदेखत. राजा गप्प राहतो. अज्ञातवास उघडा पडू नये म्हणून युधिष्ठिरही तिला आवरतो. त्यानंतर ती रात्री भीमाच्या मुदपाकखान्यात जाते. सभेचे दार बंद झाल्याखेरीज ती तिकडे वळलेली नाही. मोर्च्याच्या परवानगीचे अर्ज लिहून ज्यांच्या लेखण्या झिजल्या, त्या आपल्या भागातील वाचकांना हा क्रम समजावून सांगायला नको.

नाटक म्हणून पाहता एक उणीव राहतेच. युधिष्ठिराच्या संयमाला खाडिलकरांनी भीमाच्या त्वेषाइतके बळ दिलेले नाही. ते दिले असते तर वाद अधिक रंगला असता. पण हे सांगण्याचे काम समीक्षकाचे होते, मॅजिस्ट्रेटचे नव्हे. प्रयोगच बंद झाल्यावर समीक्षकाने बोलावे तरी कशावर? तो कायदा रद्द व्हायला २०१८ साल उजाडले, आणि तोपर्यंत 'कीचकवध' प्रयोगापेक्षा पाठ्यपुस्तकातच अधिक नांदत होते.