हेतू, वर्णन आणि जबाबदारी : एलिझाबेथ ॲन्सकम यांच्या क्रियाविचाराचे मूल्यमापन

प्रस्तावना

विश्लेषणात्मक तत्त्वज्ञान शब्दांच्या चिकित्सेत गुंतून पडते व जीवनातील प्रश्नांना स्पर्श करीत नाही, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. एलिझाबेथ ॲन्सकम (१९१९-२००१) यांचे कार्य या आक्षेपाचे खंडन करते. त्यांचा 'इन्टेन्शन' (१९५७) हा ग्रंथ आणि त्याआधी वर्षभर त्यांनी केलेला जाहीर निषेध यांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निषेधाची पार्श्वभूमी

आयर्लंडमधील लिमरिक येथे जन्मलेल्या ॲन्सकम यांचे शिक्षण ऑक्सफर्ड येथे झाले. पुढे केंब्रिज येथे त्या विट्गेन्स्टाइन यांच्या विद्यार्थिनी झाल्या. त्यांच्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'चा इंग्रजी अनुवाद ॲन्सकम यांनीच केला (१९५३). १९५६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना सन्माननीय पदवी देण्याचे ठरविले, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला. आदेशाखाली केवळ स्वाक्षरी असल्याने कोणी जबाबदार ठरत नाही, असा बचाव त्या वेळी पुढे आला. हिरोशिमा व नागासाकी येथील निरपराध नागरिकांना साधन म्हणून ठार मारणे ही हत्याच होय, हे त्यांचे उत्तर होते.

क्रिया आणि तिचे वर्णन

'इन्टेन्शन'मधील प्रसिद्ध उदाहरणात एक मनुष्य पंपाने घराच्या टाकीत विषारी पाणी चढवितो. तो हात हलवितो, पाणी चढवितो, घरातील माणसांना विष देतो. या तीन क्रिया नसून एकाच क्रियेची तीन वर्णने आहेत. यांपैकी कोणत्या वर्णनाखाली क्रिया हेतुपुरस्सर ठरते, हे 'का?' या प्रश्नाच्या उत्तरातून कळते. मनातल्या मनात सोयीचे वर्णन निवडून कर्त्याला हेतू बदलता येत नाही. स्वाक्षरी करणे आणि शहर नष्ट करण्याचा आदेश देणे ही त्याचप्रमाणे एकाच क्रियेची वर्णने ठरतात.

मर्यादा

तथापि, काय केले गेले हे विश्लेषणाने स्पष्ट झाले, तरी ते निषिद्ध का, हे त्यातून सिद्ध होत नाही. 'मॉडर्न मॉरल फिलॉसॉफी' (१९५८) या निबंधात ॲन्सकम म्हणतात की, ईश्वरी नियमावरील श्रद्धा सुटल्यावर 'नैतिक कर्तव्य' ही संकल्पना निराधार होते. त्या स्वतः कॅथलिक असल्याने निरपवाद निषेधाला त्यांच्याजवळ आधार होता. श्रद्धा नसलेल्या वाचकासमोर मात्र प्रश्न उरतो. 'नैतिकदृष्ट्या अयोग्य' याऐवजी 'अन्याय्य' असा नेमका शब्द वापरावा, हा त्यांचा मार्ग उपयुक्त आहे. परंतु अन्याय कोणत्याही परिस्थितीत का करू नये, याचे पूर्ण उत्तर त्यात मिळत नाही.

निष्कर्ष

ही उणीव मान्य करूनही ॲन्सकम यांचे योगदान मोलाचे ठरते. आदेश, ठराव व स्वाक्षऱ्या यांच्या आड जबाबदारी विरून जाते, तेव्हा 'का?' हा प्रश्न कर्त्याला त्याच्या कृतीसमोर उभे करतो. तत्त्वज्ञानाच्या अध्यापनात विश्लेषणाचे हे सामर्थ्य अधोरेखित होणे आवश्यक आहे.